लाल डोळ्यांची सून

होळी जवळ आली की पंचांगाच्या आधी माझं नाक सांगायचं. आधी टाळूला आतून खाज, मग डोळ्यांच्या कोपऱ्यात चुरचुर, आणि मग शिंका. एक आली की मागून तिच्या साऱ्या बहिणी हजर. शिंका आवरल्या की डोळ्यांना धार लागायची. नाक लाल, डोळे त्याहून लाल, आणि आवाज असा बसलेला की साधं "पाणी देऊ का" विचारलं तरी समोरच्याला वाटावं, ही आत्ताच रडून उठली. चैत्र सरून वैशाखाचं ऊन तापलं की सगळं आपोआप थांबायचं आणि मी पुन्हा माणसांत यायची. अकोल्याला माहेरी होते तेव्हा हा त्रास थोडाथोडका होता. माय म्हणायची, "ऋतू बदलून राहिला, बाधते पोरीले," आणि कपाळावर सुंठेचा लेप थापून मोकळी व्हायची. सासरी आले आणि त्या त्रासानं चांगलंच बाळसं धरलं.

सासर दर्यापूरकडचं, काळ्या जमिनीचं. मी नांदायला आले ती वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, आणि म्हणून आमच्या पांढऱ्या बोंडांना विचारता सोय नाही असा भाव आला होता. लढाई कोणाची, कशासाठी, हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. ती लवकर संपू नये एवढं मात्र सगळ्यांना वाटायचं. भाव आणखी चढेल म्हणून लोक कापूस घरात भरून ठेवत. माजघरात कापूस, देवघराच्या भिंतीला कापूस, बाळंतिणीच्या बाजेखाली कापूस. सरकी काढून रुई केली की अमरावतीचे व्यापारी जास्त देत, म्हणून घरोघर बायका झुंजुमुंजूपासून हातचरखीला बसलेल्या. रुई उडायची ती भाकरीवर बसायची, भुवयांवर बसायची, दुधावर तरंगायची. त्यात आमच्या अंगणातला कडुनिंब नेमका याच दिवसांत फुलायचा. बाहेर निंबाचा बहार, आत रुई. मी आणि माझं नाक या दोहोंच्या मध्ये.

पहिल्या फाल्गुनात मला वाटलं, मी काही वाचत नाही. रात्रभर बसून काढायची, कारण आडवं झालं की नाक बंद. सासूबाई बघत होत्या. त्यांचं काही विचारणं नसायचं, बघणं असायचं. जाड भुवया, रापलेला चेहरा, आणि आवाज बैल हाकायला पुरेल एवढा. मी त्यांना भ्यायची. त्यांनी आधी मला चरखीवरून उठवलं. थोडं बरं वाटलं. मग माझी बाज अंगणातून उचलून आतल्या खोलीत टाकली. आणखी बरं वाटलं. मग त्यांनी त्या खोलीतला सगळा कापूस बाहेर काढायला लावला. गावात ज्याच्या घरात जास्त कापूस तो मोठा, असे ते दिवस, आणि ही बाई कापूस गोठ्यात टाका म्हणते. मामंजी कुरकुरले, "आन ढोरं कोठी बांधू?"

"बाहीर बांधा. ढोराईले शिंका नाई येत," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

खोलीच्या दाराला त्यांनी जुनं लुगडं ओलं करून टांगलं. ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. उडती रुई त्यालाच चिकटून राहायची, आणि संध्याकाळी ते पिळलं की पाणी दुधासारखं पांढरट निघायचं. विहिरीवरून आले की आधी तोंड-डोळे गार पाण्यानं धुवायचे, चूळ भरायची, लुगडं बदलायचं, मगच खोलीत पाय टाकायचा. सकाळी करंगळीवर कोमट तूप घेऊन दोन्ही नाकपुड्यांत आतून फिरवायचं. दिवेलागणीला ओव्याच्या पाण्याचं मडकं पुढ्यात घेऊन, घोंगडी डोक्यावर ओढून वाफारा घ्यायचा. दही नाही, ताक नाही, कैरी तर नावालाही नाही. मला एकदा हे सगळं असह्य होऊन रडूच फुटलं. "हे जाईन तरी कधी?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे जात नसते बाई. त्याची येळ झाली का येते. आपन दार लावून घ्यायचं." आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, या दुखण्याबद्दल यापेक्षा शहाणं कोणी मला सांगितलं नाही. दोन वैदांकडे गेले पुढे, त्यांनी नुसत्या पुड्या बांधून दिल्या.

आता हेच सगळं भिंतीपलीकडून कसं दिसत असेल ते बघा. भिंतीपलीकडे शेजीबाई होत्या, आणि त्यांना कान जरा जास्तच होते. घरोघरच्या सुना अंगणात चरखीवर हसतखिदळत बसलेल्या, आणि आमच्या घरची सून दिसत नाही. म्हणजे कोंडून ठेवली. बाज अंगणातून उचलून अंधाऱ्या खोलीत टाकली. दारात चार म्हशी, पण सुनेच्या पानात दह्याचा थेंब नाही. आणि रोज दिवेलागणीला तिला घोंगडीखाली कोंबून कसली तरी धुरी देतात, पोर खोकून खोकून अर्धी होते. मिरच्याच जाळत असतील, दुसरं काय. एवढं सगळं ऐकून ज्या बाया विहिरीवर यायच्या, त्यांना समोर मी दिसायची. डोळे लाल, नाक लाल, पदर सारखा तोंडाला. साक्ष द्यायला आणखी काय हवं होतं?

त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. माझी घागर भरून द्यायच्या. एकीनं तर गूळ-शेंगदाणे पदरात बांधून आणले होते. "खाय वो माय, घरी काई भेटत नसन." मी "तसं काही नाही" म्हणायची, पण हळू आवाजात. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं. माहेर लांब, नवरा कापसाच्या बैलबंड्या घेऊन आठ-आठ दिवस अमरावतीला, आणि सासूबाई काळजी करायच्या ती कपाळाला आठी घालून. गोड बोलणारं असं विहिरीवरच कोणीतरी भेटायचं. मी गूळ खात उभी राहायची आणि त्या बाया माझ्या सासूला शिव्या घालायच्या.

शेवटी एक दिवस मीच सासूबाईंना सांगितलं, गाव असं असं म्हणतं. त्या भाकर थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "म्हनू दे."

"मी सांगते ना सगळ्यांना. म्हणते, मला दुखणं आहे, सासूबाई औषध करतात."

त्यांचा हात थांबला. "खबरदार," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. मग पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून त्यांनी मला त्यांच्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगितली. तिलाही फाल्गुनात खोकला व्हायचा, डोळे गळायचे. सासरच्यांनी क्षय म्हटलं आणि बंडीत घालून माहेरच्या दारात आणून सोडलं. वैशाखात खोकला गेला. बाप तिला परत पोचवायला गेला तर तिथं दुसरी सून चूल पेटवत होती. ती बहीण मग जन्मभर भावाच्या घरची चूल फुंकत राहिली, आणि तिथंच मेली.

"तिलेबी हेच होतं. तुले पाह्यलं तवा मले समजलं," त्या म्हणाल्या. "सासू खराब असली तरी सून नांदते. सून रोगी निंघाली का घरचे राजी असले तरी भावकी तिले नांदू देत नाई. तू काई बोलू नोको. मले काय म्हनतीन ते म्हनू दे."

मी मान डोलावली. मला बरंच वाटलं, हे सांगायला हवं. आपली चादर कोणी दुसऱ्यानं अंगावर घेतली की जसं हलकं वाटतं तसं वाटलं.

पण ती चादर एकट्या सासूबाईंच्या अंगावर राहिली नाही. माझी नणंद तेव्हा अकराव्यात होती. गोरी, बडबडी, चरखी फिरवताना स्वतःशीच गाणारी. माझ्या वाटणीची रुईही तीच काढायची आणि वर मला म्हणायची, "वयनी, तू बस आरामात, राणी हायेस." तिला मूर्तिजापूरकडचं एक स्थळ सांगून आलं. एकुलता मुलगा, वय सतराच्या आतबाहेर, नदीकाठची जमीन, घरात खाऊनपिऊन सुखी माणसं. सासूबाईंच्या जिवाला या स्थळाची अशी आस लागली की त्यांनी गावदेवीला नवस बोलला. एरवी देवाला काही मागणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

आमच्याकडे मुलगी बघायला येणाऱ्या बायका आधी त्या घरची सून बघतात. मुलगी काय, ती दोन घटका नटून बसेल. माय कशी आहे, घराचं वळण कसं आहे, ते सुनेच्या तोंडावर दिसतं असा हिशेब. सूनच नसली तर "कुठं आहे" विचारतात, आणि माहेरी गेली म्हटलं की एकमेकींकडे बघतात. त्यामुळे मला अकोल्याला पाठवायची सोय नव्हती. सासूबाईंनी वैशाखात या असा निरोप धाडला. तिकडून आलं, आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर, लग्न उरकायचं आहे, चैत्रातच येतो.

मग आमच्या घरात काय चाललं ते गावाला कळलं असतं तर वेड्यात काढलं असतं. त्या भावात आमच्या घरच्या चरख्या बंद झाल्या. जमिनीवर दिवसातून कितीदा तरी सडा. घरातली उरलीसुरली रुई झाडून, बांधून दूरच्या खळ्यावर नेली. मला खोलीबाहेर पाऊल टाकायची बंदी, विहीर बंद, तूप दोनदा, वाफारा दोनदा. नणंद ओलं लुगडं बदलायची आणि दारातून मला वाकुल्या दाखवायची. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, बाजारात बैलाचे डोळे बघतात तसे माझे डोळे बघितले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. डोळे पांढरे स्वच्छ होते.

पाहुणे आले. गडी माणसं पुढच्या बंडीत, बाया मागच्या. आणि मागची बंडी कापसानं शिगोशीग भरलेली. मुलगी बघून तसंच पुढं अमरावतीच्या बाजारात जायचं, एका खेपेत दोन्ही कामं, असा त्या हुशार माणसांचा बेत. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं. त्या भावात रिकामी बंडी कोण जुंपणार? बाया कापसाच्या ढिगावर बसून सकाळपासून धक्के खात आल्या होत्या. लुगड्यांवर, अंबाड्यांत, कानांतल्या कुड्यांच्या मागे सगळीकडे कापूस. सासूबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती बंडी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

सुनेनं पाहुण्यांचे पाय धुवायचे असतात. मी वाकले. एकेकीचे पाय धुतले, प्रत्येकीच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि प्रत्येक वेळी तिच्या निऱ्यांतली रुई माझ्या नाकात गेली. श्वास धरून पाहिला. किती वेळ धरणार? चौथीच्या पायांपर्यंत पोचले तोवर मी शिंकत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या पावलांवर पडत होतं.

जेवणं व्हायची होती. मुलाची आजी एकटीच उठून चुलीपाशी माझ्याजवळ आली. म्हातारी चांगली होती. तेच वाईट झालं. तिनं माझ्या गालाला हात लावला.

"काहून रडून राहिली वो माय?"

"रडून नाई राहिली जी."

"सासू मारते?"

"नाई जी."

"उपाशी ठिवते?"

"नाई." प्रत्येक "नाई"बरोबर डोळ्यांतून दोन थेंब. "गावात पानी प्यायले थांबलो होतो," ती हळूच म्हणाली, "आयकलं मी समदं. मले सांग, मी कोनाले सांगत नाई."

दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात पुरणपोळ्यांची परात. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मला दुखणं आहे" एवढे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. पलीकडच्या खोलीत नणंद नवं लुगडं नेसून बसली होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. सासूबाईंनी मान हलवली. नको. अगदी थोडी हलवली, म्हातारीला दिसू नये इतकी. मी पुन्हा "नाई जी" म्हटलं आणि पदरात तोंड खुपसलं.

पाहुणे जेवले, मुलगी छान आहे म्हणाले, आणि बंड्या अमरावतीकडे गेल्या. चार दिवसांनी माणसाहाती निरोप आला. मुलगी सोन्यासारखी आहे. पण ज्या घरात सून अशी रडते, त्या घरची लेक आमच्या घरी कोणतं वळण घेऊन येईल याची धास्ती वाटते. राग नसावा.

नणंदेनं ऐकलं. त्यानंतर चरखीवर तिचं गाणं ऐकू आलं नाही. मामंजी ओट्यावर जाऊन बसले. सासूबाईंनी संध्याकाळी नेहमीसारखं ओव्याचं मडकं चुलीवर ठेवलं, माझ्यापुढं आणून टेकवलं आणि घोंगडी माझ्या डोक्यावरून ओढली. घोंगडीच्या आत मी हमसून हमसून रडले, त्या साऱ्या दिवसांतलं खरं रडणं. बाहेरून त्यांचा आवाज आला, "रडू नोको. दोन पानी एकजागी झाले का मले समजत नाई, औषध लागू पडलं का नाई ते."

बोलणं पसरायला वेळ लागत नाही. आणखी दोन स्थळं येऊ येऊ म्हणाली आणि आली नाहीत. पोर थोराड दिसायला लागली. शेवटी बाळापूरच्या पलीकडचा एक बिजवर मिळाला. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, पहिलीची दोन मुलं. माणूस वाईट नव्हता, हे मी नंतर सगळ्यांना सांगायची, स्वतःलाही. ती दिवाळीला यायची तेव्हा त्या दोन मुलांसाठी अनारसे बांधून न्यायची. एकदा आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. खाली मान घालून, खडे बाजूला करत ती म्हणाली, "वयनी, तवा तू एक शब्द बोलली असती त."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ती नुसतं म्हणाली आणि पुढचा खडा उचलला. तुझ्या आईनंच मला गप्प केलं होतं, हे उत्तर खरं होतं. पण त्या क्षणी चुलीपाशी माझ्या डोळ्यांपुढं अकोल्याच्या वाटेवरची बंडी होती आणि तिच्यात मी बसले होते, हेही तितकंच खरं होतं. सासूबाईंनी मान हलवली नसती तर मी बोलले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. मी तूर निवडत राहिले.

पुढे ती लढाई संपली म्हणे. भाव असा घसरला की घराघरांतला कापूस लोकांनी मिळेल त्या किमतीला फुंकून टाकला. माजघरं रिकामी झाली. गावावर अवकळा आली आणि माझं नाक सुधारलं, ही आणखी एक लाज. फुलोऱ्याचा त्रास राहिलाच, पण सासूबाईंचं ओलं लुगडं, तूप आणि ओवा एकाही वर्षी चुकला नाही. मला मुलं झाली, मी अंगानं भरले, तरी गावात त्यांचं नाव तेच राहिलं. नव्या नवरीला कोणी धाक घालायचं म्हटलं की आमच्या घराकडे बोट दाखवायचे. त्यांना ते ऐकू येत असे. विहिरीवरच्या बायका त्या आल्या की गप्प व्हायच्या, म्हणून त्या भर दुपारी पाण्याला जाऊ लागल्या.

सासूबाई गेल्या त्याही अशाच एका फाल्गुनात. ताप आला तो उतरला नाही. त्यांना खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून बाज बाहेर निंबाखाली घेतली होती, आणि मी दिवसरात्र तिथंच त्यांच्या उशाशी. नणंदेला बाळापुराहून बोलावून घेतलं होतं. शेवटच्या दिवशीही त्यांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तूप घालून ये आधी." मी गेले नाही.

सकाळी गाव जमलं. बाया मला वेढून बसल्या. माझे डोळे सुजून बंद व्हायला आलेले. शेजीबाईंनी माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि कानात म्हणाल्या, "सुटली वो माय तू."

मी उभी राहिले. शिंकत, नाक पुसत, बसक्या आवाजात मी सगळं सांगितलं. हे रडणं नव्हे, हे दुखणं आहे, दर फाल्गुनात येतं, पहिल्या वर्षापासून आहे. ती मिरच्यांची धुरी नव्हती, ओवा होता. मला कोंडलं नव्हतं, रुईपासून वाचवलं होतं. दही मला बाधायचं. मला टाकून देऊ नये म्हणून सासूबाईंनी स्वतःला वाईट म्हणवून घेतलं. या बाईनं मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. एवढं बोलून मला धाप लागली.

मग शेजीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि इतरांकडे वळून म्हणाल्या, "पाह्य वो बायाहो. इतलं सोसलं पोरीनं, आन तरी मेल्यावर सासूचं झाकून राहिली. सून असावी त अशी." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारी तर उठून माझ्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडू लागली.

नणंद आईच्या पायांशी बसली होती. मी खरं बोलले होते हे तिथं त्या बायांत तिला एकटीला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.